कधीमधीच प्रवास असेल तर मोबाइल नेट स्वस्तात कसं भागवायचं

घरी वायफाय, दुकानात वायफाय, आणि तरीही दर २८ दिवसांनी रोज २ जीबीवाला रिचार्ज मारायचा, अशी माणसं कोल्हापुरात राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत गल्लोगल्ली सापडतील. त्यांचा बहुतेक डेटा रोज रात्री बाराला न वापरताच संपतो. खरी गरज पडते ती वर्षातून तीनचार वेळा: हरिप्रियाने तिरुपतीला जाताना, गगनबावड्यावरून कोकणात उतरताना, दिवाळीत मुलांकडे पुण्या-मुंबईला जाताना. आणि नेमकं तेव्हाच रेंज नसते, नाहीतर दुपारी तीनलाच 'तुमचा आजचा डेटा संपला' असा मेसेज येतो.

प्रीपेडमध्ये आपण जीबी घेतो असं वाटतं, पण पैसे मोजतो ते दिवसांचे. कधीमधी प्रवास करणाऱ्याने हे एकदा लक्षात घेतलं की अर्धं काम झालं.

हिशोब असा. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा २८ दिवसांचा, रोज २ जीबीचा प्लॅन ३४९ रुपयांचा झाला. वर्षभर चालू ठेवायला असे १३ रिचार्ज लागतात, म्हणजे ४,५३७ रुपये. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, बिनडेटाचे पॅक ठेवणं बंधनकारक केलं आणि जानेवारी २०२५ पासून ते बाजारात आले. एअरटेलने ३६५ दिवसांचा पॅक १,८४९ रुपयांना दिला, जिओने ३३६ दिवसांचा १,७४८ रुपयांना. दिवसाला साधारण पाच रुपये पडतात. आता मुख्य नंबर अशा १,८४९ च्या पॅकवर ठेवला आणि वर्षातल्या तीन प्रवासांसाठी दुसऱ्या सिमवर ३४९ चा रिचार्ज तीनदा मारला, तर १,८४९ अधिक १,०४७ मिळून २,८९६ होतात. १,६४१ रुपये वाचतात, वर दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क हाताशी राहतं ते वेगळंच. दर पुढेमागे होत असतात, त्यामुळे रिचार्जच्या दिवशी आकडे बघूनच गणित मांडा. मांडण्याची रीत मात्र हीच.

बिनडेटाचे किंवा कमी डेटाचे पॅक कंपनीच्या अ‍ॅपमध्ये पहिल्या पानावर सहसा दिसत नाहीत. 'व्हॅल्यू', 'व्हॉइस ओन्ली' अशा नावाखाली ते तळाला असतात. रिचार्जवाल्या दुकानदारालाही 'फक्त कॉलिंगचा, नेट नको' असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो सवयीने रोजच्या दीड-दोन जीबीचाच मारून मोकळा होतो.

हा मार्ग सगळ्यांना सोयीचा नाही. लक्ष्मीपुरीत भाजी घेताना, रिक्षातून उतरताना रोज क्यूआर स्कॅन करणाऱ्याला बिनडेटाचा पॅक जाच होईल. त्याच्यासाठी मधला रस्ता आहे: २८ दिवसांत एकूण २ जीबी देणारा छोटा पॅक. त्याच दरवाढीत जिओचा असा पॅक १८९ चा आणि एअरटेलचा १९९ चा झाला. यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुराला महिन्याला २ जीबी उरून पुरतात, फक्त व्हिडिओ बघायचा मोह आवरला पाहिजे. प्रवासाच्या आठवड्यात यावर डेटा व्हाउचर, म्हणजे फक्त जादा डेटाचं छोटं रिचार्ज, चढवलं की दुसऱ्या सिमची गरजही पडत नाही.

डेटा व्हाउचर घेताना

व्हाउचर दोन जातींची असतात. एकाला स्वतःची मुदत असते, एक दिवस, सात दिवस किंवा महिना. दुसऱ्याची मुदत मूळ पॅकला बांधलेली असते, म्हणजे मूळ पॅक परवा संपत असेल तर व्हाउचरचा उरलेला डेटाही परवाच जातो. पैसे भरण्याआधी 'व्हॅलिडिटी' या ओळीत आकडा आहे की 'एक्झिस्टिंग प्लॅन' असं लिहिलंय, एवढं वाचा.

एक दिवसाचं व्हाउचर म्हणजे बहुतेक ठिकाणी २४ तास नव्हेत, त्या रात्रीचे बारा. महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्री दहाला एक दिवसाचा पॅक मारला तर हातात दोनच तास येतात. रात्रीचा प्रवास असेल तर बारा वाजेपर्यंत थांबा आणि मग रिचार्ज करा.

निव्वळ कॉलिंगच्या पॅकवर प्रत्येक डेटा व्हाउचर चालेलच असं धरून चालू नका. काही व्हाउचरना डेटावाला मूळ पॅक लागतो. अ‍ॅपमध्ये लॉगिन करून स्वतःच्या नंबरखाली जी व्हाउचर दिसतात त्यातलंच निवडावं. दुसऱ्याच्या फोनवरून नुसता नंबर टाकून रिचार्ज केला की फसगत होते.

रोजचा कोटा संपला तर जिओ, एअरटेल आणि व्हीआयचा वेग ६४ केबीपीएसवर येतो, बीएसएनएलचा ४० वर. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ केबी, त्यामुळे ३०० केबीचं तिकीट उतरायला चाळीसेक सेकंद आणि १ एमबीचा फोटो उघडायला दोन मिनिटं लागतात. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर जातो. यूपीआय मात्र मध्येच लटकतो, कारण अ‍ॅपची वेळमर्यादा आधी संपते. लटकलेला व्यवहार लगेच पुन्हा करू नका. आधी 'हिस्टरी'त तो 'पेंडिंग' आहे की 'फेल्ड' ते बघा, नाहीतर चहाचे पैसे दोनदा जातात. ज्या पॅकमध्ये रोजचा कोटा नसून एकूण डेटा असतो, त्यात तो संपल्यावर काही कंपन्या थेट टॉकटाइममधून पैसे कापतात. नेट पूर्ण बंद करायचं असेल तर १९२५ या टोल-फ्री नंबरवर इंग्रजीत 'स्टॉप' असा मेसेज पाठवा, परत चालू करायला 'स्टार्ट'. ट्रायने ठरवून दिलेला हा नंबर सगळ्या कंपन्यांना चालतो.

दुसरं सिम कोणत्या कंपनीचं

कोल्हापुरात कोणती कंपनी चांगली चालते हे प्रवासाच्या सिमसाठी बिनकामाचं आहे. जिथे जायचंय तिथे काय चालतं ते महत्त्वाचं. कंपन्यांच्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे असतात, पण ते उघड्या माळावरची रेंज दाखवतात, चिऱ्याच्या भिंतीआडची नाही. सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे लॉज किंवा होमस्टेवाल्याला खोली ठरवताना विचारणं: "तुमच्याकडे खोलीत कुठल्या सिमचं नेट चालतं?" 'रेंज आहे का' असं विचारू नका. कॉलची रेंज असते, नेट नसतं, आणि तोही बिचारा प्रामाणिकपणे 'हो' म्हणतो.

कारण तांत्रिक आहे. जिओकडे टू-जी नाहीच, सगळं फोर-जी आणि फाइव्ह-जीवर. सिग्नल पडला की कॉल आणि नेट दोन्ही एकदम जातात. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांचा फोन फोर-जी न मिळाल्यास टू-जीवर उतरतो, म्हणजे कॉल लागतो पण नेट नावापुरतं. करूळ, फोंडा, आंबोली, आंबा असा कुठलाही घाट उतरताना हे खेळ चालूच असतात. म्हणून मुख्य सिम आणि प्रवासाचं सिम एकाच कंपनीची घेण्यात अर्थ नाही. एक जिओ असेल तर दुसरं बिगरजिओ ठेवा.

बीएसएनएलचा विचार दुर्गम भागात जाणाऱ्यांनी जरूर करावा. त्यांचं स्वदेशी फोर-जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झालं. मात्र त्यातला मोठा भाग ७०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २८ या लहरींच्या पट्ट्यावर चालतो आणि जुन्या, स्वस्त फोनमध्ये हा बँड नसतो. फोनच्या मॉडेलचं नाव आणि 'बँड २८' असं टाकून कंपनीच्या तपशिलात शोधा. नसेल तर शेजाऱ्याला बीएसएनएलचं नेट मिळेल आणि तुम्हाला त्याच जागी मिळणार नाही.

मोजून बघायचं असेल तर अँड्रॉइडमध्ये सेटिंग, 'अबाउट फोन', 'सिम स्टेटस' इथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो. उणे ८५ च्या आसपास छान, उणे १०५ ला नेट चालतं पण रडतखडत, उणे ११५ च्या खाली गेलं की आशा सोडा आणि खिडकीपाशी जा. वर दिसणाऱ्या दांड्या प्रत्येक फोन आपल्या मर्जीने काढतो, त्यांच्यावर विसंबू नये.

सिम घेणं आणि फोनमध्ये बसवणं

निघण्याच्या निदान पाच दिवस आधी घ्या. मूळ आधार कार्ड न्या. आता अर्ज कागदावर भरत नाहीत, जागेवरच फोटो काढून डिजिटल केवायसी होते. सिम चालू व्हायला काही तास लागतात, क्वचित एक दिवस. अंगठा घेताना 'आला नाही, परत ठेवा' असं दुकानदार सारखं म्हणू लागला तर स्क्रीन बघा. तुमच्या अंगठ्यावर दुसरं सिम काढायची ही जुनी युक्ती आहे. नंतर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर स्वतःचा नंबर टाकून, आलेला ओटीपी भरला की तुमच्या नावावर किती कनेक्शन आहेत ते दिसतं. एका माणसाला जास्तीत जास्त ९ घेता येतात, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत ६. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच 'नॉट माय नंबर' निवडून तक्रार करता येते.

फोनमध्ये दुसऱ्या सिमची फट नसेल तर ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालणारं सिम, होतं का बघा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं डायल केल्यावर ईआयडी असा लांबलचक आकडा दिसला तर होतं. ई-सिमचा क्यूआर ईमेलवर येतो आणि तो त्याच फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करायचा असतो, म्हणजे दाखवायला दुसरा फोन किंवा कागदावर प्रिंट लागते. हा क्यूआर कुणाला पाठवू नका, तो ज्याच्या हाती त्याचा तुमचा नंबर. आणि महत्त्वाचं म्हणजे मुख्य नंबर प्रवासाच्या आदल्या दिवशी ई-सिममध्ये बदलायला जाऊ नका. सिम बदललं की सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे बँकेचा ओटीपी नाही, रेल्वेचा नाही, कशाचाच नाही.

दोन्ही सिम बसल्यावर सेटिंगमध्ये ही कामं करा. कॉल आणि एसएमएससाठी मुख्य सिम ठेवा, मोबाइल डेटासाठी प्रवासाचं. 'ऑटो डेटा स्विचिंग' बंद करा, नाहीतर प्रवासाच्या सिमची रेंज गेली की फोन गुपचूप मुख्य सिमचा डेटा ओढतो आणि छोटा पॅक तासाभरात फस्त होतो. 'डेटा ड्युरिंग कॉल्स' असा पर्याय असेल तर तो चालू करा. तो बंद असताना मुख्य सिमवर कॉल आला की दुसऱ्याचं नेट थांबतं आणि नकाशा नेमका वळणावर गोठतो. वायफाय कॉलिंगही चालू ठेवा. लॉजवर रेंज नसली तरी वायफाय असलं की नेहमीच्याच नंबरवर कॉल येतात.

डेटा रोमिंग चालू असू द्या. देशात रोमिंगचे वेगळे पैसे आता लागत नाहीत, पण हा खटका बंद असेल तर काही फोन दुसऱ्या सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेसाठी पाडलेल्या दुसऱ्या विभागात, नेट देत नाहीत. आपल्याकडे कागल ओलांडून कोगनोळी टोलनाका आला की कर्नाटक सर्कल लागतं. निपाणीला चहाला थांबलेल्यांचं नेट 'अचानक' बंद पडतं त्यामागे बऱ्याचदा हाच खटका असतो. सीमेलगतच्या गावांत तर घरबसल्या पलीकडचा टॉवर पकडला जातो. गोव्याला जाताना ही भानगड नाही, कारण मोबाइलच्या हिशोबात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो.

हे सगळं करून नवं सिम अर्धा दिवस वापरून बघा. दांड्या आहेत, पण नेट नाही, तर एपीएन, म्हणजे सिमला नेटशी जोडणारं सेटिंगमधलं नाव, तपासा. जिओला 'जिओनेट', बीएसएनएलला 'बीएसएनएलनेट', एअरटेलला 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', व्हीआयला नुसतं तीनदा 'डब्ल्यू'. इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा आणि फोन बंद करून चालू करा. हे काम घरी वायफायवर असताना सोपं जातं, विशाळगडाच्या पायथ्याशी नाही.

जम्मू-काश्मीर आणि लडाख

वैष्णोदेवी, अमरनाथ, श्रीनगर, लेह. इथे जाणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावंच. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. कंपनी कोणतीही असो, पॅक कितीही मोठा असो, कटऱ्याला उतरल्यावर फोन मुका असतो, कॉलही नाही. पोस्टपेड मात्र चालतं. उपाय तीन आहेत. गटात कुणाचं पोस्टपेड आहे ते आधी विचारा आणि त्याच्या हॉटस्पॉटवर भागवा, पाच-सहा जणांच्या वैष्णोदेवीला एवढं पुरतं. दुसरा, तिथे पोचल्यावर स्थानिक प्रीपेड घ्या. पडताळणीला वेळ लागू शकतो, त्यामुळे दोन दिवसांच्या मुक्कामाला हा उपाय कामाचा नाही. अमरनाथ यात्रेकरूंसाठी बीएसएनएल खास यात्रा सिम देतं. तिसरा, आपलं प्रीपेड पोस्टपेडमध्ये बदलून घ्या. ते ओटीपीवर होतं, पण परत प्रीपेडला यायला ठरावीक दिवस थांबावं लागतं, तोवर दर महिन्याला बिल येत राहतं. कोणताही उपाय करा, पण गाडीची, हॉटेलची, घोडेवाल्याची बोलणी आणि नंबर कागदावर लिहून ठेवा. प्रीपेडवाल्यांची चुकामूक झाली तर एकमेकांना फोनही लागणार नाही.

किती डेटा लागेल

लोक दुप्पट अंदाज धरतात. गुगल मॅपवर रस्ता बघत गाडी चालवली तर तासाला पाचेक एमबी जातात, म्हणजे कोल्हापूर ते पणजी पूर्ण रस्ता मॅप लावून गेलात तरी तीसेक एमबी. व्हॉट्सअ‍ॅपचा साधा कॉल मिनिटाला अर्धा एमबी, व्हिडिओ कॉल पाच एमबीच्या आसपास. यूट्यूब ४८० पीवर तासाला अर्धा जीबी, १०८० पीवर दीड ते दोन जीबी. रील्स बघत बसलं तर तासात अर्धा ते एक जीबी सहज. म्हणजे मॅप, मेसेज, तिकिटं, यूपीआय आणि घरी एखादा व्हिडिओ कॉल एवढंच असेल तर माणशी दिवसाला अर्धा जीबी पुरे. बाकी सगळी करमणूक असते, आणि ती घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवता येते.

चोरवाटांनी जाणारा डेटा जास्त असतो. निघण्याआधी हे बंद करा: फोटोंचा मोबाइल डेटावरून होणारा बॅकअप, प्ले स्टोअरचे आपोआप होणारे अपडेट, आणि व्हॉट्सअ‍ॅपमधलं मीडिया ऑटो-डाउनलोड. शेवटचं तर आधी. सहलीच्या ग्रुपवर वीस जण एकच सूर्यास्त वीस वेळा टाकतात. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडणार असाल तर विंडोजमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड कनेक्शन' करा, नाहीतर अपडेटच्या नावाखाली दोन-तीन जीबी बघता बघता जातात.

गुगल मॅपचा भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. घाटात रेंज गेली तरी गाडीचा रस्ता दिसत राहतो. ट्रॅफिक दिसत नाही आणि पायी चालायचा रस्ताही ऑफलाइन मिळत नाही, त्यामुळे देवळाभोवतीच्या गल्ल्यांत विचारत जावं लागतं. तिकीट, आधार, हॉटेलचं बुकिंग यांचे स्क्रीनशॉट गॅलरीत ठेवा.

कुटुंबासाठी एकच सिम

चार जणांना चार पॅक मारण्यापेक्षा घरातला जुना फोर-जी फोन बाहेर काढा. त्यात प्रवासाचं सिम घाला, हॉटस्पॉट चालू करा, आणि तो १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेला जोडून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवा. उन्हात मात्र नको, तापला की वेग पाडतो आणि चार्ज होणं थांबवतो. हॉटस्पॉटचा बँड २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, जुन्या फोनना तोच दिसतो आणि भिंतीपलीकडे पोचतो. हॉटस्पॉटचा डोंगल मुद्दाम विकत घेऊ नका. वर्षातले दहा-पंधरा दिवस वापरायला ती रक्कम जास्त आहे, शिवाय काही डोंगल एकाच कंपनीच्या सिमला बांधलेले असतात.

फाइव्ह-जीची हाव प्रवासात सोडावी. जिओ आणि एअरटेलचं अमर्याद फाइव्ह-जी रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवरच मिळतं, आणि धावत्या गाडीत फोन फाइव्ह-जी, फोर-जी असा सारखा उड्या मारतो, त्यात बॅटरी जाते. रेल्वेत आणि घाटात 'प्रिफर्ड नेटवर्क' फोर-जी करून ठेवा, मुक्कामी पोचल्यावर बदला. रेल्वे स्थानकांवर रेलवायरचं वायफाय ओटीपी टाकून रोज पहिली ३० मिनिटं फुकट मिळतं. मिरजेला किंवा पुण्याला गाडी थांबलेली असताना मोठ्या फाइल उतरवायला ते बरं, पैशांचे व्यवहार मात्र तिथे नकोत.

गर्दीत वेगळाच प्रकार होतो. आषाढीला पंढरपूर, चैत्र यात्रेला जोतिबा, नवरात्रात अंबाबाईचा परिसर. दांड्या पूर्ण, पण काहीच उघडत नाही. सिग्नल ठीक असतो, टॉवरवर माणसं जास्त झालेली असतात. अशा वेळी सारखा एरोप्लेन मोड चालू-बंद करून उपयोग नाही. दुसऱ्या कंपनीच्या सिमवर डेटा वळवा, नाहीतर साधा एसएमएस करा. त्याला फार थोडी जागा लागते, म्हणून तो निसटून जातो. भेटायची जागा आणि वेळ गर्दीत शिरण्याआधीच ठरवलेली बरी. आपल्या कंपनीची रेंज नसेल तरी ११२ हा आपत्कालीन नंबर आजूबाजूच्या कुठल्याही नेटवर्कवरून लागतो.

परदेशी जाताना

दुबई, सिंगापूर, बँकॉक अशा आठ दिवसांच्या सहलीला भारतीय सिमवर मोठा रोमिंग पॅक घेणं सोपं, पण बहुधा महागात जातं. तिथल्या विमानतळावर पासपोर्ट दाखवून प्रवासी सिम किंवा ई-सिम मिळतं. भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या, त्याचं डेटा रोमिंग बंद करा. देशात चालू ठेवा म्हटलेला तोच खटका इथे पैसे खातो. ओटीपी यायला आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा कोल्हापूर सोडण्याआधीच अ‍ॅपमधून चालू करून घ्या, तिकडे गेल्यावर ती चालू करायलाही ओटीपीच मागतात. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालतं, 'नंबर बदलला का' विचारल्यास 'नाही' म्हणा. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून मजकूर जातो, कॉल लागत नाहीत. चीनमध्ये स्थानिक सिमवर व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगल दोन्ही बंद, भारतीय सिमच्या रोमिंगवर मात्र चालतात, म्हणून तिथे रोमिंग पॅकच घ्यावा.

परत आल्यावर सिमचं काय

ट्रायच्या नियमानुसार ९० दिवस कॉल, एसएमएस, डेटा काहीच न वापरलेलं प्रीपेड सिम कंपनी बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत ३० दिवस वाढवायची असते. म्हणून प्रवासाच्या सिममध्ये थोडा टॉकटाइम ठेवा आणि दोन महिन्यांनी एकदा कॉल करा. पॅक संपलेला असल्यास जाणारे कॉल आधीच बंद झालेले असतात, तेव्हा आधी कंपनीच्या १९८ वर चौकशी केलेली बरी.

बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो. त्यामुळे प्रवासाच्या सिमला बँक, आधार, गॅस, ईमेल काहीही जोडू नका, हॉटेलच्या रजिस्टरवरही मुख्य नंबरच लिहा. जोडलं गेलंच असेल तर सिम सोडण्याआधी एकेक करून काढा, आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप उघडलं असेल तर खातं डिलीट करा. नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने खातं जात नाही.

पुढच्या प्रवासाला तेच सिम वापरायचं असेल तर रिचार्ज आदल्या रात्री नको, निघण्याच्या दिवशी सकाळी मारा. जुना पॅक अजून चालू असेल तर जिओत नवा पॅक रांगेत थांबतो आणि जुना संपल्यावरच लागू होतो. इतर कंपन्यांत काय होतं ते पैसे भरण्याआधी अ‍ॅपमध्ये बघा, कारण काही वेळा जुन्याचा उरलेला डेटा तिथेच संपतो.